वासुरे नाय

दास नावाच्या बेटावर
मी नऊ वर्षं कपडे धुतले.
नाव बेटाचं होतं, जागलो मी.

त्र्याऐंशीच्या मार्चात
हायाशिदाच्या डांगरीच्या खिशातून
एक कॅसेट निघाली. निघाली म्हणजे
धुऊन, पिळून, साबणाच्या वासासकट.
पगारातून कापतील म्हणून घाबरलो.
रात्री वीतवीतभर फीत ओढून
वर्गीसच्या जुन्या बनियननं पुसली,
पेन्सिल घालून परत गुंडाळली,
आणि देण्याआधी वाजवून पाहिली,
नाणं वाजवून बघावं तशी.

एक मुलगी गात होती.
सोळा-सतराची असेल. मागे ट्रम्पेट,
आणि ओळ संपली की पोरांचा घोळका
तिच्या नावाचा पुकारा करायचा, कवायतीच्या शिस्तीत.
दुसऱ्या कडव्यात, जिथं पाणी मुरलं होतं,
तिचा आवाज बुडायचा.
चार मात्रा तळाशी.
मग वर यायची, जणू काही झालंच नाही.

मला वाटलं भाषा आपलीच आहे,
घाट चढताना धाप लागलेली.
ती म्हणायची, आई, आई.
मी म्हटलं, लहान आहे, घर आठवत असेल.
ती म्हणायची, नाचू.
नाच बाई, वय आहे.
ती म्हणायची, चुकी. च चमच्यातला,
जो वर्गीसला नऊ वर्षांत जमला नाही.
मी म्हटलं, होते चूक, एवढं काय मनाला लावून घ्यायचं.
आणि शेवटी, अगदी हळू:
वासुरे नाय.

तिथं मात्र मी उठून बसलो.
त्याच माघात आमची मोरी व्याली
आणि वासरू गेलं, असं घरच्या पत्रात होतं.
गाय दोन दिवस गोठ्याच्या दाराकडं बघत होती म्हणे.
ही बातमी हिला कुणी दिली?

हायाशिदाला कॅसेट दिली तर तो रागावला नाही.
कानाशी धरून हलवली, आतल्या पाण्याचा अंदाज घेतला.
कव्हर त्याच्या खोलीत कोरडं होतं:
पांढरा झालरीचा फ्रॉक, कपाळावर कापलेले केस,
माईक दोन्ही हातांत, पेला धरावा तसा.
मग त्याच्या मोडक्या इंग्रजीतून माझ्या मोडक्या इंग्रजीत
एकेक शब्द उतरवून घेतला.
आई म्हणजे प्रेम.
नाचू म्हणजे उन्हाळा.
चुकी म्हणजे चंद्र.
बाहेर फ्लेअरची ज्योत आभाळ भाजत होती,
बेटावर रात्र अशी कधी व्हायचीच नाही,
त्या उजेडात चंद्र खरंच
कुणीतरी खोडायची विसरलेली चूक दिसत होता.

आणि वासुरे नाय?
तो जरा थांबला. विसरत नाही, म्हणाला.
नाय म्हणजे नाही?
नाय म्हणजे नाही.
मग आम्ही दोघं वेड्यासारखे
नाय, नाय, नाय करत हसलो,
धोबीखान्यातला पठाण डोकावून गेला.

आमच्याकडं अशी दरवर्षी एक येते, तो म्हणाला.
वर्षभर सगळ्या भिंतींवर ती. पुढच्या वर्षी दुसरी.
हिचं वर्ष कधीच संपलं.
मग हिचीच कॅसेट खिशात का, हे मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.
जेटीवरून गॅसची जहाजं त्याच्या देशाला निघायची,
तो किनाऱ्याला पाठ करून जेवायचा.
जाताना म्हणाला, गुराबु-सान, ही ठेव.
कोरडी मी तिकडं घेईन. भिजलेली तुझी.

गुरव म्हणता न येणारा तो एकटाच नव्हता,
पण मागे सान लावणारा एकटाच.

गेल्या महिन्यात शारजात, पुतणीच्या फ्लॅटवर,
मी भांडी पुसत गुणगुणत होतो.
तिनं फोन माझ्या तोंडाशी धरला,
आणि फोननं ते गाणं शोधून काढलं.
स्वच्छ. ट्रम्पेटची प्रत्येक फुंकर वेगळी.
दुसरं कडवं आलं,
मी सवयीनं श्वास रोखला, चार मात्रा.

ती बुडली नाही.
सरळ गात पुढं गेली,
मी एकटाच खाली राहिलो, हातात ओली बशी.

काय झालं काका?
काय नाय.